चिप आपली, चावी बिल्डरची



आजचा विषय जरा तांत्रिक आहे. व्हर्च्युअल मशीन, फर्मवेअर वगैरे शब्दांची ज्यांना ऍलर्जी आहे त्यांनी लगेच पळ काढू नका. गाडी शेवटी फ्लॅट, बिल्डर आणि सोसायटी याच स्टेशनवर येणार आहे. पुण्यात राहून त्यातून सुटका कोणाला आहे? :)

आधी पार्श्वभूमी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो (थोडे अपवाद सोडा). म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीन्स एका तारखेला 'म्हातारी' ठरली. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या ऑफिसांमधून अशी मशीन्स बाहेर पडतात आणि जुन्या मालाच्या दुकानांत येतात. त्यातली बरीचशी डबाछाप असतात, मॉनिटरच्या मागे लटकवता येतात. ग्राफिक्स कार्ड लावायला आत जागाच नसते. जे काही ग्राफिक्स आहे ते प्रोसेसरच्याच पोटात.

असा सातव्या पिढीचा एक डबा मी घरी आणला. खाली लिनक्स, त्यावर घरच्या फोटोंचा बॅकअप वगैरे चालतो. आणि त्याच्याच आत एका व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज, माझ्या ताईसाठी. ताई इंटिरियरची कामं करते आणि तिचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पहिल्या दिवशी तिने ते साध्या, नकली ग्राफिक्सवर चालवून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मी भिंत फिरवते आणि ती विचार करून फिरते!"

यावर उपाय आहे आणि त्याला म्हणतात पासथ्रू. प्रोसेसरमधलं खरं ग्राफिक्स लिनक्सने हातात धरायचंच नाही, थेट व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात द्यायचं. मॉनिटरची वायरही मग त्या विंडोजचीच. लिनक्स मागे बिनस्क्रीनचं चालत राहतं. त्याच्याशी बोलायचं असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवरून लॉगिन करायचं. जुन्या डब्यावर दोन संध्याकाळींत हे जमलं. भिंत लोण्यासारखी फिरायला लागली.

मग ताईने ऑफिससाठी नवीन डबा घेतला. बाराव्या पिढीचा, विंडोज ११ वाला. म्हटलं, इथेही तेच करू. आणि इथे सगळं अडलं. विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर एकदा चढला की चित्र छान येतं. पण त्याच्या आधी? मिट्ट काळोख. रोजच्या कामात हे खपून जातं. पण एखाद्या दिवशी अपडेट अर्धवट राहतं, विंडोज रिकव्हरीचा निळा पडदा दाखवतं, नाहीतर डिस्क उघडायला चावी मागतं. हे सगळं ड्रायव्हर चढायच्या आधी घडतं. ताईला काहीच दिसत नाही. क्लायंट समोर बसलेला असतो आणि ती मला फोन करते, "अरे, ते काहीतरी विचारतंय बहुतेक, पण काय ते दिसत नाहीये."

नव्या मशीनमध्ये जुन्यापेक्षा कमी जमतं. हे उलटं का झालं, यावरच आजचा लेख आहे.

लिनक्सच्या बाजूने बघितलं तर काम चोख झालेलं आहे. केव्हीएम २००७ साली कर्नेलमध्ये आलं. हार्डवेअर सुरक्षितपणे व्हर्च्युअल मशीनला देणारं व्हीएफआयओ २०१२ साली आलं. इंटेलच्या ग्राफिक्ससाठीची खास सोय क्यूएमूमध्ये २०१६ साली आली. पासथ्रूच्या वेळी कुठल्या मशीनने कुठल्या मेमरीला हात लावायचा याचा पहारा चिपमधलं व्हीटी-डी करतं. मग अडतं कुठे? तर फर्मवेअरमध्ये.

समजा तुम्ही नवा फ्लॅट घेतला. कुठल्या बटनाने कुठला दिवा लागतो, गीझरची लाईन कुठून गेलीय, याचा एक वायरिंगचा नकाशा असतो. ग्राफिक्सच्या जगात तो नकाशा म्हणजे व्हीबीटी, म्हणजे व्हिडिओ बायोस टेबल. चिप तीच असली तरी एका मदरबोर्डवर एचडीएमआय एका पोर्टला जोडलेलं असतं, दुसऱ्यावर दुसऱ्याला, लॅपटॉपमध्ये तिसरंच पॅनेल. हे सगळं त्या नकाशात लिहिलेलं असतं. तो नकाशा ज्या मीटर बॉक्समध्ये चिकटवलेला असतो तो म्हणजे ऑपरिजन, मेमरीतला एक राखीव तुकडा. आणि नकाशा वाचून घरातला पहिला दिवा लावणारा वायरमन म्हणजे जुन्या बायोसमधला व्हिडिओ बायोस. नव्या यूईएफआयमध्ये त्याच्या जागी आलेल्या वायरमनचं नाव जीओपी ड्रायव्हर. विंडोजचा ड्रायव्हर चढेपर्यंत स्क्रीनवर जे काही दिसतं, ते या वायरमनच्या कृपेने.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे याच घरातला भाडेकरू. त्याला खोली दिली, दिवेही दिले, पण त्याच्या खोलीत ना मीटर बॉक्स ना वायरमन. त्याचं स्वतःचं एक छोटं फर्मवेअर असतं. जुन्या पद्धतीचं असेल तर सीबायोस, नव्या पद्धतीचं असेल तर ओव्हीएमएफ. सीबायोसमध्ये ही सोय केलेली आहे. क्यूएमू खऱ्या मशीनचा ऑपरिजन उचलून देतं, सीबायोस त्याच्यासाठी जागा काढतं, नकाशा तिथे चिकटवतं आणि त्याचा पत्ता चिपच्या रजिस्टरमध्ये लिहितं. ग्राफिक्स ००:०२.० याच पत्त्यावर बसवायचं, अशा दोन-चार अटी असतात. त्या पाळल्या की चिपबरोबर आलेला व्हिडिओ बायोस उठतो आणि दिवा लावतो. माझा जुना डबा चालला तो असा.

पण जुन्या पद्धतीचा बायोसच आता इतिहासजमा होत चाललाय. २०१७ साली इंटेलने जाहीर केलं की २०२० पर्यंत जुन्या बायोसशी जुळवून घेणारा भाग काढून टाकायचा. निर्णय चुकीचा नव्हता, ते ओझं बरंच जुनं होतं. पण त्यानंतरच्या पिढ्यांना जुना वायरमन उरला नाही, फक्त जीओपी उरला. आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे यूईएफआयच लागतं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये ओव्हीएमएफच. मूळ ओव्हीएमएफमध्ये इंटेलच्या मीटर बॉक्सची तजवीज नाही. ती बाहेरून जोडणारा कोड उत्साही लोकांनी लिहिलाय, चालतोही. पण जीओपी कोणी लिहून देऊ शकत नाही, कारण तो इंटेलचा बंद ड्रायव्हर आहे आणि इंटेल तो मदरबोर्ड आणि बायोस बनवणाऱ्या कंपन्यांना देतं. तुम्हा-आम्हाला नाही.

गंमत बघा. हा जीओपी तुमच्या मशीनमध्येच आहे. मदरबोर्डच्या चिपमध्ये बसलाय, रोज सकाळी कंपनीचा लोगो दाखवतो. तो चालवायचा हक्क तुम्ही मशीनबरोबर विकत घेतलाय. पण व्हर्च्युअल मशीनला देण्यासाठी तो सुटा, राजरोस मिळत नाही. मग लोक काय करतात? मदरबोर्डच्या बायोस अपडेटची फाईल उतरवतात, चिरतात, त्यातून तो तुकडा वेगळा काढतात आणि क्यूएमूला भरवतात. घरच्याच कपाटातली वस्तू खिडकीतून चोरल्यासारखं. कुठलाही लिनक्स वितरक हा तुकडा अधिकृतपणे बरोबर देत नाही, त्यामुळे ज्याला फाईल चिरता येते त्याचंच काम होतं. ताईसारखी माणसं बाहेरच राहतात.

ताईच्या डब्याच्या कंपनीला (नाव नको) मी रीतसर मेल केला होता. उत्तर आलं: "हा वापर आमच्या सपोर्टच्या कक्षेत येत नाही, कृपया मूळ ऑपरेटिंग सिस्टिम वापरा." म्हणजे, फ्लॅट तुमचा, पण भाडेकरू ठेवायचा नाही.

फर्मवेअरच्या भानगडीत न पडता काम करायचे दुसरे रस्ते इंटेलनेच काढले होते. २०१७ साली जीव्हीटी-जी मुख्य कर्नेलमध्ये आलं. एकाच ग्राफिक्सचे भाग पाडून लिनक्सलाही द्यायचे आणि व्हर्च्युअल मशीनलाही. पाचव्या पिढीपासून ते चाललं. मग दहाव्या पिढीच्या आसपास गाडी थांबली, पुढच्या चिप्ससाठी ते नेलंच नाही. बाराव्या पिढीत वाटणीची सोय थेट चिपमध्ये आली, तिचं नाव एसआर-आयओव्ही. या चिप्स २०२१ च्या शेवटी बाजारात आल्या. पण पुढे कित्येक वर्षं मुख्य कर्नेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये त्या सोयीचा पत्ता नव्हता. ज्यांना हवी त्यांनी बाहेरून मोड्यूल आणून बसवायचं आणि प्रत्येक कर्नेल अपडेटला देव पाण्यात घालून बसायचं. एएमडीकडेही फार वेगळं नाही. तिथे नकाशाची वही वेगळी, वायरमन वेगळा, पण तोही बंदच.

आता कोणी म्हणेल, कंपनीचं गुपित आहे बाबा, कशाला देतील? मला हे पटत नाही, आणि त्याला तीन कारणं आहेत.

एक, याच ग्राफिक्सची बाकीची बंद फर्मवेअरं इंटेल स्वतःच वाटतं. डीएमसी, गक, हक अशा नावांचे हे तुकडे लिनक्सच्या सार्वजनिक फर्मवेअर संग्रहात आहेत. त्यांचा सोर्स मिळत नाही, पण ते वाटायची मुभा आहे. म्हणूनच कुठलंही लिनक्स टाकलं की ते आपोआप येतात.

दोन, मदरबोर्ड सुरू करणारा एफएसपी नावाचा मोठा बंद भाग इंटेलने गिटहबवर ठेवलाय, पुढे वाटायच्या परवानगीसकट. त्यात स्क्रीन सुरू करायचा कोडही असतो. मग तेच काम करणारा जीओपी तेवढा सोवळ्यात का?

आणि तीन, हे काम गुपिताशिवाय होतं हे सिद्ध झालेलं आहे. कोअरबूट प्रकल्पात लिबजीएफएक्सइनिट नावाची लायब्ररी आहे. एडा भाषेत लिहिलेली आणि पूर्ण खुली. इंटेलच्या कितीतरी पिढ्यांचा पडदा ती कुठल्याही बंद तुकड्याशिवाय उजळवते. इंटेलने स्वतः ग्राफिक्सची जाडजूड मॅन्युअल्स प्रसिद्ध केलेली आहेत आणि लिनक्सचा आय९१५ ड्रायव्हर खुलाच आहे. म्हणजे माहिती बाहेर आहे, कोड बाहेर आहे, अडलंय ते एका परवानगीच्या कागदावर.

पडद्याची चावी कोणाकडे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही बरं का. आयबीएमने १९८१ साली पीसी काढला तेव्हा तांत्रिक मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे आणि बायोसची अख्खी लिस्टिंग छापली होती. स्क्रीनची मेमरी कुठे, तिच्यात अक्षर कसं लिहायचं, सगळं उघड. फक्त अक्षरांचे आकार एका रॉममध्ये कोरलेले होते आणि त्यात देवनागरी नव्हती. कानपूर आयआयटीत मोहन तांबे आणि मंडळींनी जिस्ट हे तंत्र विकसित केलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम इथे आलं. सी-डॅकचं नाव निघालं की सगळ्यांना १९९१ चा परम ८००० आठवतो. पण सरकारी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पोचलं ते जिस्ट कार्ड. पीसीच्या खाचेत कार्ड बसवायचं की डॉसवरचे तयार प्रोग्रॅम, त्यांच्यात एक ओळ न बदलता, मराठी दाखवायला लागायचे. प्रोग्रॅमला वाटायचं आपण नेहमीसारखे बाइट्स लिहितोय. कार्ड मध्ये बसून त्यांची जोडाक्षरं करून पडद्यावर काढायचं.

मला यात दिसतं ते असं. पीसी बनवणाऱ्याने देवनागरीचा विचार केला नव्हता, आणि करायची गरजही नव्हती. पडद्यापर्यंतचा रस्ता उघडा होता. त्यामुळे ज्याला गरज होती त्याने सोय स्वतः केली. रस्ता बंद असता तर 'हा वापर आमच्या सपोर्टच्या कक्षेत येत नाही' असं उत्तर तेव्हाच मिळालं असतं, आणि मराठीसाठी परदेशातल्या कोणाची तरी मर्जी होईपर्यंत वाट बघावी लागली असती.

ऑफिसात हा विषय काढला की दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला: "किती लोकांना लागतं हे? रिमोट डेस्कटॉप वापर ना." खरंय, वर्ड-एक्सेलसाठी तो पुरतो. व्हिडिओ बदलून देणाऱ्या सर्व्हरसाठीही पडदा लागत नाही, तिथे बिनजीओपीचं पासथ्रू मस्त चालतं. पण ज्याला समोर मॉनिटर लावून काम करायचंय त्याला पडदा लागतोच, आणि तो चालू होण्याच्या क्षणापासून लागतो. शिवाय आज किती लोकांना लागतं यावरून मोजलं असतं तर देवनागरीचं कार्डही कोणी केलं नसतं.

दुसरा: "वेगळं ग्राफिक्स कार्ड घे." कुठे लावू? डब्यात खाच नाही आणि लॅपटॉपमध्ये तर विषयच संपला. ज्यांच्याकडे पैसे आणि मोठी कॅबिनेट आहे त्यांचा प्रश्न कधीच नव्हता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आज ऑफिसांत जी बारावी-तेरावी पिढी नवी म्हणून मिरवतेय ती चार-पाच वर्षांनी जुन्या मालाच्या दुकानात येणार. तेव्हा एखादी शाळा, एखादं वाचनालय, एखादी ताई ती घेईल आणि एका डब्यातून दोन कामं काढायला बघेल. सातव्या पिढीचा डबा ते करू देतो, बाराव्या पिढीचा अडवतो. म्हणजे जास्त ताकदीचं मशीन आधी भंगारात जाणार. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा निवडलेली चार क्षेत्रं म्हणजे शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. कॉम्प्युटरचं फर्मवेअर या चारांत नाही. स्क्रू आणि बॅटरी कळते सगळ्यांना, फर्मवेअर डोळ्यांना दिसत नाही ना.

तर आता आपल्या स्टेशनवर येऊ. महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्यांचं जुनं दुखणं म्हणजे कन्व्हेयन्स. फ्लॅटचे पैसे दिले, सोसायटी झाली, पण जमिनीचा कागद बिल्डरकडेच. १९६३ च्या मोफा कायद्यात बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यावं असं होतं, पण किती बिल्डरांनी आपणहून दिलं हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना विचारा. (चहा घेऊन बसा, वेळ लागेल.) शेवटी २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. बिल्डर देत नसेल तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे जायचं, आणि कागद दिला असं मानायचं.

फर्मवेअरला असंच काहीतरी हवंय. मी कंपन्यांकडे सोर्स मागत नाही, मिळाला तर आनंदच आहे. मागणी छोटी आहे: जीओपी ड्रायव्हर प्रत्येक पिढीसाठी सुटा उपलब्ध करा आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायची, लिनक्स वितरकांना वाटायची परवानगी द्या. जशी गक-हकला दिली तशीच. आणि मदरबोर्डवाल्यांनो, व्हीटी-डीचं बटन बायोसच्या सेटिंगमध्ये लपवू नका.

एकट्यादुकट्याच्या मेलला काय उत्तर येतं ते वर सांगितलंच. पण पुण्यातल्या कंपन्या एका ऑर्डरमध्ये शेकड्यांनी मशीन्स घेतात, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी त्या खरेदीच्या मीटिंगमध्ये बसत असेल. रॅम किती, वॉरंटी किती, हे आपण विचारतोच. त्याच यादीत एक ओळ वाढवा: 'अंगभूत ग्राफिक्स यूईएफआय व्हर्च्युअल मशीनला देता येतं का? त्यासाठीचं फर्मवेअर परवान्यासह मिळेल का?' पहिल्या वर्षी 'नाही' असंच उत्तर येईल. पण ते उत्तर सेल्सच्या माणसाला कागदावर लिहून द्यावं लागेल, आणि दहा ठिकाणी लिहून द्यावं लागलं की तो आपणहून वर विचारायला जाईल.

तोपर्यंत, जुन्या मालाच्या दुकानात सहाव्या-सातव्या पिढीचा डबा दिसला तर नाक मुरडू नका. ताईने तर तिच्या ऑफिसात जुनाच डबा परत मागितलाय. नवावाला बॅकअपला लावलाय. बॅकअपला पडदा लागत नाही.